साडेबारा घोड्यांचा कॅमेरा

नानाखेड्याच्या ज्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाऊण तास पाणी येतं, आणि तेही फक्त खालच्या मजल्यावर, त्या कॉलनीत श्रीकांत टेंबे यांच्या घरी चाळीस मीटर खोल पाण्यात फोटो काढणारा कॅमेरा आला. एवढं खोल पाणी अख्ख्या उज्जैन जिल्ह्यात आहे कुठे, असं शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. टेंब्यांना तो प्रश्न कुत्सित वाटला. उत्तर मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

कॅमेरा दिला अभिजीतने. हा टेंब्यांच्या पत्नी सुलभाबाईंचा धाकटा भाऊ, जहाजावर इंजिनीअर. बंदरात जहाज लागलं की पाण्यात बुड्या मारून मासे टिपायचा त्याला नाद होता. पण सत्त्याण्णव साली त्याचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोने पहिलीच अट घातली, की समुद्रावरून खुशाल जा, समुद्रात जायचं नाही. म्हणून सुट्टीवर आल्यावर त्याने ती पेटी बहिणीच्या दिवाणखान्यात आणून ठेवली. "भाऊजी, तुम्हाला फोटोचा शौक आहे, तुम्हीच वापरा. माझ्याकडे नुसती पडून सडेल," असं म्हणून तो दोन वाट्या श्रीखंड खाऊन परत गेला.

पेटीत काय नव्हतं? पिवळ्या रंगाचा जाडजूड कॅमेरा होता, लोखंडी हाताला जोडलेला फ्लॅश होता, दोन भिंगं होती, रबराच्या कड्या होत्या आणि त्या कड्यांना लावायची मलमासारखी एक ट्यूब होती. टेंब्यांनी ती ट्यूब हुंगून पाहिली आणि सुलभाबाईंना बजावलं, की हिला टाचांच्या भेगांना लावायचं नाही. त्यांना पूर्वानुभव होता.

टेंबे बँकेत कर्जखात्यात होते. फोटो काढणं हा त्यांचा वीस वर्षांचा छंद, आणि इंदूरच्या एका वर्तमानपत्राच्या वार्षिक स्पर्धेला फोटो पाठवणं हा त्या छंदाचा वार्षिक अपमान. अकरा वेळा त्यांनी फोटो पाठवले, त्यात एकदा 'उल्लेखनीय' असा शेरा मिळाला. त्या शेऱ्याचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं आणि त्याच्यामागे एक पाल सहकुटुंब राहत होती. परीक्षकांचं म्हणणं एवढंच होतं, की टेंब्यांचे सगळे फोटो आधी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात. हे वाक्य त्यांना फार लागलं होतं. कुणीच कधी पाहिलं नाही असं काहीतरी एकदा तरी आपल्या हातून टिपलं जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आयुष्यात ते यापेक्षा फार काही मागत नव्हते. प्रमोशनसुद्धा त्यांनी एकदाच मागितलं होतं.

आणि ते काहीतरी कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. भाद्रपदात सुलभाबाईंबरोबर भैरवगढला चादरी घ्यायला गेले असताना त्यांनी याकूबभाईंना नदीत उभं राहून चादरी धुताना पाहिलं. याकूबभाई म्हणजे तिथले जुने छपाईवाले. ठशांनी छापलेली लाल-काळी चादर ते कमरेएवढ्या पाण्यात सोडायचे आणि तिच्यातला कच्चा रंग लांब सुटून पाण्यात वळसे घेत जायचा. वरून हे एवढं सुंदर दिसतंय, तर खालून कसं दिसेल? टेंब्यांच्या मनात हा प्रश्न आला आणि दहा दिवसांनी पाण्याखालचा कॅमेरा घरी आला. माणूस देवभोळा नसला तरी अशा वेळी देवळाकडे पाहून मान लववतो.

टेंबे पुन्हा भैरवगढला गेले, तेव्हा याकूबभाई म्हणाले, "खींचो साहब, शौक से खींचो. पण अभी पानी मटमैला है. दसरे के बाद साफ होगा. और सुनो, दिवाली तकच हां. घर में सीमेंट की टंकी बन रही है. धनतेरस के पहलेवाले मंगल को आखरी धुलाई, फिर हम नदी में नहीं उतरेंगे. घुटने जवाब दे गए."

म्हणजे दसऱ्यापासून त्या मंगळवारपर्यंत जेमतेम दोन आठवडे. त्याआधी गाळ, त्यानंतर सिमेंटची टाकी. टेंब्यांनी कॅलेंडरवर त्या मंगळवारभोवती लाल वर्तुळ काढलं. इथेच त्यांनी रोल घालून सरळ नदी गाठली असती तर ही कथा इथेच संपली असती. पण त्यांनी ही गोष्ट मधुकररावांना सांगितली.

मधुकरराव डोंगरे म्हणजे शेजारचे. रेल्वेच्या नुकसानभरपाई खात्यात सत्तावीस वर्षं काढून निवृत्त झालेले. लोकांचे अर्ज नामंजूर करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतकं मन लावून केलं होतं की निवृत्तीनंतरही कुणी नुसतं "बघा हो" म्हटलं तरी ते आधी "पुरावा?" म्हणायचे.

"विमा काढलाय?" त्यांनी विचारलं.

"कॅमेऱ्याचा?"

"मग काय नदीचा? अहो टेंबे, विदेशी माल, आणि तुम्ही त्याला सरळ पाण्यात घालून राहिले! तुम्ही बँकवाले. तारणाशिवाय म्हशीला कर्ज देत नाही आणि हे असं उघड्यावर?"

हा घाव वर्मी बसला. टेंबे मुळातच जपून वागणारे. मार्गशीर्षातही त्यांच्या स्कूटरच्या डिकीत छत्री असायची. विमा उतरवल्याशिवाय कॅमेऱ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. त्या दिवसापासून पाण्याखालचा तो कॅमेरा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून कपाटावर चढला. सुलभाबाई फरशी पुसायला लागल्या की टेंबे तो उचलून दुसऱ्या खोलीत नेत. दमट हवा लागायला नको.

आता प्रश्न आला, विमा कितीचा?

त्यासाठी आधी किंमत माहीत हवी, आणि किंमत कुणालाच माहीत नव्हती. अभिजीतला विचारणं शक्य नव्हतं. माहेरच्या माणसाने प्रेमाने दिलेल्या वस्तूची किंमत त्यालाच विचारायची? सुलभाबाई म्हणाल्या, "तुम्हाला वाटत असेल तर विचारा. मी मग कोणत्या तोंडाने राखी पाठवू तेही त्यालाच विचारून घ्या." तरी टेंब्यांनी एका दुपारी चौकातल्या एसटीडी बूथवरून अभिजीतच्या जहाजाच्या कंपनीत फोन लावला, आणि सुदैवाने तो बंदरात सापडला. समोरच्या यंत्रावर आकडे पळत असताना टेंब्यांनी हवापाणी विचारलं, लग्नाची तयारी विचारली, आणि मग आजकाल अशा वस्तूंचा बाजारभाव साधारण काय असतो असं आडून आडून विचारलं. "सोडा हो भाऊजी, पैशाचं काय घेऊन बसलात," असं म्हणून तो हसला. बिल तीनशे चाळीस रुपये झालं. बूथवाल्याने मात्र किंमत सांगायला अजिबात संकोच केला नाही.

मग टेंबे पेटी घेऊन माधव नगरातल्या एका फोटो स्टुडिओत गेले. मालकाने कॅमेरा हातात घेऊन वजन केल्यासारखा खालीवर केला, बटणं दाबून पाहिली आणि परत दिला. "पाँच हज़ार से ऊपर कोई नहीं देगा, भाईसाहब. अपने यहाँ शादियाँ सूखे में होती हैं."

पाच हजार हा आकडा टेंब्यांना सोयीचा वाटला. विमा थोडक्यात होईल, हप्ता किरकोळ येईल. जेवताना त्यांनी तो सहज बोलून दाखवला आणि सुलभाबाईंच्या हातातला वरणाचा डाव भांड्यावरच थांबला.

"पाच हजार? माझ्या भावाने सातासमुद्रापारून आणलेल्या वस्तूची किंमत तुम्ही पाच हजार लिहिणार? सरकारी कागदावर?"

"अगं, विम्यापुरती..."

"मी भिशीत सगळ्यांना दोन लाख सांगितलंय."

टेंब्यांनी वरण न घेताच भात संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून भय्यासाहेब उतरले. हे सुलभाबाईंचे वडील. त्यांची स्वतःची मुलंही त्यांना भय्यासाहेबच म्हणत. पूर्वज दरबारच्या दफ्तरात कारकून होते, पण घराण्यात ही गोष्ट सांगताना दरबार मोठ्याने म्हणायचा आणि कारकून हळू, अशी पद्धत होती. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, धोतर आणि हातात चांदीच्या मुठीची काठी. संस्थानं जाऊन पन्नास वर्षं झाली होती, घरोघरी केबल आली होती, पण भय्यासाहेबांकडे ही वार्ता कुणी अधिकृतपणे पोचवली नव्हती.

"जावईबापू, कुणी काय किंमत केली म्हणे?"

"पाच हजार," टेंबे म्हणाले.

भय्यासाहेब जरा दचकल्यासारखे झाले. त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि काठी फरशीवर आपटली. "आमच्या घरातून सासरी गेलेली वस्तू बाजारात दाखवायची नसते. तिची किंमत आम्ही सांगू. कागद आणा."

आणि त्यांनी सोबत आणलेला कागदच काढला. वर घराण्याची मुद्रा छापलेला, कडा पिवळ्या पडलेला. त्यावर बोरूने काढल्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'सदरहू यंत्र आमचे चिरंजीवांनी आमचे जावयांस दिले असून ते पाण्यात चालते. त्याची किंमत अमूल्य समजावी.' खाली सही केली आणि वाळायला वाऱ्यावर धरला.

मधुकररावांनी तो कागद वाचून मान हलवली. "अमूल्य म्हणजे रुपये किती? बघा टेंबे, कमी लिहाल तर मराल. नागद्याच्या एका व्यापाऱ्याने लोणच्याच्या बरण्या पाठवल्या होत्या. माल शंभराचा, लिहिला पन्नासाचा. दहा बरण्या फुटल्या. मी त्याला पाचच बरण्यांचे पैसे दिले. अर्धा विमा, अर्धी भरपाई, नियमच आहे. आणि जास्त लिहाल तर ते म्हणतील, यानेच मुद्दाम बुडवला."

"मग लिहू किती?"

"बरोब्बर लिहा," मधुकरराव म्हणाले आणि घरी चहाला गेले.

दसरा उलटला. नदी निवळत चालली होती. टेंबे बँकेत अर्धा दिवस रजा टाकून विमा कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथले विकास अधिकारी दुबेजी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकली, भय्यासाहेबांचा कागद वाचला, त्याच्या तीन प्रती मागितल्या आणि म्हणाले, "कैमरे की पॉलिसी है अपने पास. आग, चोरी, दंगा, भूकंप, सब कवर है. बस पानी से भीगा तो कुछ नहीं मिलेगा."

"पर ये तो पानी में ही जाएगा."

"तो मत भिगाइए."

टेंब्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. दुबेजींनी पुन्हा ऐकलं. पाण्याची जोखीम घालायची तर कागद वर मुंबईला जाईल, यायला चार महिने लागतील, असं त्यांनी सांगितलं. दोन-चार वर्षांत प्रायव्हेट कंपन्या येणार आहेत, त्यांच्याकडूनही काढता येईल, असंही सुचवलं. टेंब्यांचा चेहरा पाहून मात्र त्यांना दया आली. ते मुळात भले गृहस्थ होते. त्यांनी सुपारी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले.

"पानी के अंदर चलने वाली चीज़ का बीमा हम करते तो हैं, टेंबेजी. सबमर्सिबल पंप."

बोअरवेलमध्ये सोडायच्या पंपांचा विमा माळव्यात तेव्हा जोरात होता. त्या पॉलिसीत पाण्याने भिजण्याची अट नव्हती, कारण भिजणं हेच पंपाचं काम. टेंब्यांना हे पटेना. बँकेतला माणूस खोट्या अर्जावर सही कशी करणार? तेव्हा दुबेजींनी अर्जात 'पंप' लिहून पुढे कंसात 'फोटो खींचने वाला' असं लिहिलं. आता खोटं काहीच उरलं नाही. पुढचे रकाने भरायला दोघांना दोन तास लागले. खसरा, म्हणजे शेताचा नंबर? घराचा नंबर लिहिला. किती बिघे जमीन ओलिताखाली येते? 'तुळशीच्या गमल्यांव्यतिरिक्त शून्य' असं टेंब्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. पाणी किती खोलीवर? इथे मात्र ते ताठ बसले आणि त्यांनी चाळीस मीटर असं ठळक अक्षरात लिहिलं.

"और हॉर्सपॉवर?"

इथे गाडी अडली. कारण किंमत अर्जदाराने लिहायचीच नव्हती. पंप जेवढ्या हॉर्सपॉवरचा, तेवढा विमा, हॉर्सपॉवरला चार हजार, असा छापील तक्ता होता. तीन, पाच, साडेसात, दहा आणि शेवटी साडेबारा. टेंब्यांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि ती रात्र तीन की पाच, तीन की पाच असं पुटपुटत काढली.

भय्यासाहेबांना हे कळलं तेव्हा ते प्रथमच खूश झाले. "घोड्यांत मोजतात? मग ठीक आहे. आमच्या आजोबांच्या दारात घोडे होते." (आजोबांच्या दारात घोडे होते हे खरंच होतं. समोर सरकारी पागा होती.) "जास्तीत जास्त किती आहेत?"

"साडेबारा."

"अर्धा घोडा कसला? तेरा करा."

"तेरा होत नाही, भय्यासाहेब. छापील आहे."

"मग अर्धं शिंगरू समजू. साडेबारा लिहा."

सुलभाबाईंनी बारा घोडे आणि शिंगरू म्हणजे पन्नास हजार असा हिशेब बोटांवर केला. दोन लाखांना ते कमीच होते, पण भिशीत आकडा सांगण्याऐवजी 'सगळ्यात मोठा विमा' असं सांगता येणार होतं. त्यांनी होकार दिला. वर्षाला नऊशे साठ रुपयांचा हप्ता टेंब्यांनी भरला आणि पावती खिशात घालून विचारलं, "आता घालू ना पाण्यात?"

"अरे नहीं! पॉलिसी तो पंप के मुआयने के बाद चालू होगी. मैं खुद आऊँगा. मंगलवार, ग्यारह बजे."

टेंब्यांनी कॅलेंडर डोळ्यांपुढे आणलं. लाल वर्तुळातला तोच मंगळवार.

त्या दिवशी सकाळी दुबेजी नानाखेड्याला आले ते परत स्कूटरवर बसवूनच भैरवगढला नेले गेले. मांडीवर कॅमेऱ्याची पेटी, त्यावर अर्ज, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला "पंप संभालो" असा टेंब्यांचा ओरडा. मागून लूनावर मधुकरराव, पुरावा म्हणून. त्यांच्या मागे रिक्षात सुलभाबाई आणि भय्यासाहेब, कारण घराण्याच्या वस्तूची तपासणी घराण्याच्या गैरहजेरीत होणं भय्यासाहेबांना मान्य नव्हतं.

नदी आरशासारखी निवळली होती. याकूबभाई कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि काठावर ओल्या चादरींचा ढीग होता. "आओ साहब, बड़ी देर की. पंद्रह बची हैं."

टेंब्यांनी पेटी उघडली. दसऱ्यापासून रोल भरून ठेवलेला होता. दुबेजींनी अर्ज गुडघ्यावर घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "हाँ, चलाकर दिखाइए."

"म्हणजे पाण्यात?"

"पंप है ना. सूखे में कैसे देखूँ?"

"पण पॉलिसी चालू झाल्याशिवाय मी पाण्यात घालणार नाही."

"और पानी में देखे बगैर मैं पॉलिसी चालू नहीं करूँगा."

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली ही गत. मधुकररावांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून दोघंही नियमाने बरोबर आहेत असा निकाल दिला. इतका शुद्ध पेच आपण सत्तावीस वर्षांत पाहिला नाही, असं ते कौतुकाने म्हणाले. सुलभाबाई म्हणाल्या, "अहो, घाला की एकदाचा!" टेंबे म्हणाले, "आणि काही झालं म्हणजे?" याकूबभाई चादर सोडत होते, झटकत होते, पिळून काठावर टाकत होते. बारा उरल्या. आठ उरल्या. टेंबे प्रत्येक चादरीबरोबर पाण्याच्या दिशेने एक पाऊल टाकत आणि एक मागे घेत. आपण किती भित्रे आहोत हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण पाऊल काही पुढे पडेना.

"पाँच, साहब," याकूबभाई म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत असावं. ते सावकाश धूत होते.

शेवटी भय्यासाहेबांचा संयम संपला. "आणा इकडे! आमच्या घरची वस्तू पाण्याला भीत नाही." त्यांनी टेंब्यांच्या हातून कॅमेरा ओढून घेतला, पट्टा गळ्यात अडकवला, धोतराचा सोगा सावरला आणि काठी टेकत घाटाच्या दोन पायऱ्या उतरले. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. शेवाळाला घराण्याची कल्पना नसावी. भय्यासाहेब कोट, टोपी आणि पंपासह नदीत बसले.

सुलभाबाई किंचाळल्या. टेंब्यांनी बुटांसकट उडी मारली आणि हाताला लागेल ते धरलं. हाताला लागला कॅमेऱ्याचा पट्टा. त्या पट्ट्यात त्या वेळी भय्यासाहेबांची मान होती, त्यामुळे दोघंही एकदम वर आले. टेंब्यांनी सासरे वाचवले की कॅमेरा, याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत आणि टेंबे स्वतः यावर बोलत नाहीत. तेवढ्यात याकूबभाईंनी भय्यासाहेबांना बगलेत धरून उचललं, पट्टा टोपीसह डोक्यावरून निघाला, आणि त्या झटक्याने टेंब्यांचेच पाय निसटले. ते कॅमेऱ्यासकट खाली गेले.

खाली सगळं शांत होतं. टेंब्यांनी डोळे उघडले. याकूबभाईंच्या हातातून सुटलेली चादर त्यांच्या डोक्यावर पसरली होती, उन्हाने आरपार उजळली होती, आणि तिच्या काळ्या बुट्ट्यांमधून लाल रंग निघून हळूहळू त्यांच्याकडे येत होता. इतकं सुंदर त्यांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. मधुकरराव ऐकू येत नव्हते, दुबेजी ऐकू येत नव्हते, तीन की पाच हेही ऐकू येत नव्हतं. कॅमेरा भिजला होता, आता आणखी काय भिजणार? त्यांनी तो डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. खटका फिरवला आणि पुन्हा दाबलं. छातीत कळ येईपर्यंत ते दाबत राहिले.

वर काठावर मात्र कर्ता पुरुष गेला असं समजून रडारड सुरू झाली होती. टेंबे नाकातोंडातून पाणी काढत वर आले तेव्हा सुलभाबाईंनी त्यांना आधी मिठी मारली आणि मग चारचौघांत जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुबेजींनी अर्ज सुकवत शेरा लिहिला, 'यंत्र को पानी में चलते देखा. चालू हालत में है. पानी नहीं फेंकता.' आणि पॉलिसी त्या मिनिटापासून सुरू झाली. याकूबभाईंनी सगळ्यांना कोऱ्या चादरी गुंडाळायला दिल्या. मधुकररावांनाही दिली. ते भिजले नव्हते, पण त्यांनी ती घेतली.

सात फोटो निघाले. सहांत गाळ होता, सातवा तो होता. स्पर्धेत त्याला 'उल्लेखनीय' असाच शेरा मिळाला, कारण परीक्षकांना तो नक्की कशाचा आहे हे कळलं नाही. या वेळी टेंब्यांना वाईट वाटलं नाही. निदान आधी कुठे पाहिल्यासारखा वाटतो असं तरी कुणी म्हणालं नव्हतं. मोठी प्रत त्यांनी याकूबभाईंना दिली. ती त्यांच्या नव्या टाकीवर भिंतीला टांगली आहे, आणि डाव्या कोपऱ्यात दिसणारा पाय आपला आहे असं भय्यासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

माघात अभिजीतचं लग्न झालं. नंतर एकदा त्याचा फोन आला तेव्हा टेंब्यांनी त्याला सगळी कथा ऐकवली. तो हसून हसून दमला आणि म्हणाला, "भाऊजी, पन्नास हजार? अहो, तो मी सिंगापूरच्या जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलाय. आपल्या हिशेबाने साडेचार हजार."

म्हणजे एक घोडा आणि वर थोडी शेपटी. सुलभाबाई फोनला कान लावून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, भय्यासाहेबांना कळू देऊ नका हं. त्यांच्या मनाला फार लागेल." टेंब्यांनी कबूल केलं.

पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला ती दोघं भय्यासाहेबांकडे गेली. विम्याच्या नूतनीकरणाची चिठ्ठी आदल्याच दिवशी आली होती. दुबेजींनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'चाहें तो तीन हॉर्सपॉवर कर दें?' टेंब्यांच्याही मनात तेच होतं. आपट्याची पानं देऊन ते वाकले तेव्हा भय्यासाहेबांनी त्यांना खांद्याला धरून जवळ बसवलं आणि विचारलं, "जावईबापू, घोडे किती?"

"सध्या साडेबारा. पण यंदा जरा..."

भय्यासाहेबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत सुलभाबाई कुणाला तरी सातासमुद्रापारच्या कॅमेऱ्याबद्दल सांगत होत्या. भय्यासाहेबांनी आवाज खाली आणला.

"कमी करू नका. खरं सांगू? अभिजीतने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साडेचार हजारांचा आहे म्हणून. पण पोरगी इतकी आनंदात होती, सगळ्यांना सांगत सुटली होती. म्हणून मी कागदावर आकडा लिहिला नाही. तिला मात्र कळू देऊ नका. तिच्या मनाला फार लागेल."

टेंब्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. मग आत, बायकोकडे पाहिलं. "नाही कळू देणार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाण्याआधी ते विमा कार्यालयात थांबले आणि त्यांनी साडेबारा घोड्यांचा हप्ता भरला.